ब्रेनर आणि ग्नेसिन: लंडनला गेल्यावर पत्रं कुठे गेली

योसेफ हाईम ब्रेनर आणि उरी निसान ग्नेसिन ही नावं आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाहीत, पण आधुनिक हिब्रू गद्य ज्यांनी घडवलं त्यात हे दोघं अगदी पुढे येतात. दोघं लहानपणापासूनचे मित्र, दोघंही तरुणपणीच गेले, आणि आयुष्याची बरीच वर्षं वेगवेगळ्या गावांत असल्यामुळे मैत्री चालली ती हाताने लिहिलेल्या पत्रांवर. मग १९०७ साली एकाने दुसऱ्याला लंडनला बोलावलं, तो आला, आणि काही महिन्यांतच सगळं इतकं बिघडलं की तो निघून गेला आणि परत भेट झाली नाही. सहा वर्षांनी ग्नेसिन हृदयविकाराने वारला, आणि लंडनमध्ये तो आपल्यासमोर होता तेव्हाही आजारीच होता हे ब्रेनरच्या डोक्यात नीट शिरलं ते उशिरा, भरपाई करायची वेळ निघून गेल्यावर.

इतकी वर्षं एकमेकांना लिहिणाऱ्या दोन माणसांना एकमेकांबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्टच माहीत नसते, हे कसं होतं? लेखकांची पत्रं हातात आली की आपण समजतो आता खरा माणूस सापडला, आतलं सगळं कळलं. या प्रकरणात मला नेमकं उलटं दिसतं, आणि म्हणून ते नीट उलगडून मांडावंसं वाटलं.

पोचेप

ग्नेसिनचा जन्म १८७९ चा, ब्रेनरचा १८८१ चा. ग्नेसिनचे वडील पोचेप नावाच्या छोट्या गावात, आताच्या रशियाच्या ब्र्यान्स्क भागात, यशिवा चालवायचे. यशिवा म्हणजे ज्यू मुलांची धर्मशिक्षणाची शाळा, आपल्याकडची वेदपाठशाळा डोळ्यासमोर आणा म्हणजे साधारण वातावरण लक्षात येईल. ब्रेनर तिथे शिकायला आला, गुरुजींच्या मुलाशी गट्टी जमली, आणि दोघांनी धर्मग्रंथांच्या आडून साहित्य सुरू केलं. मुलं मुलं मिळून मासिकं काढायचे, वाचणारे मोजके मित्र. म्हणजे पंधरा-सतरा वर्षांच्या वयातच यांचं नातं 'मी लिहितो तू वाच, तू लिही मी वाचतो' असं ठरून गेलं होतं, आणि पुढची सगळी वर्षं ते तसंच राहिलं.

नंतर दोघांची वाट वेगळी झाली. ग्नेसिन अठरा-वीसचा असतानाच नाहूम सोकोलोव या संपादकाने त्याला वॉर्साला 'हा-त्सेफिरा' या पेपरात बोलावलं. तिथून तो फिरतच राहिला, येकातेरिनोस्लाव, विल्ना, किएव, मधेमधे परत पोचेप. एका जागी टिकणं त्याच्या नशिबात नव्हतं आणि स्वभावातही नव्हतं. ब्रेनर होमेल, बियालिस्टोक, वॉर्सा असा फिरून १९०१ च्या शेवटी झारच्या सैन्यात भरती झाला, म्हणजे करावीच लागली, आणि ओर्योलच्या छावणीत अडकला. १९०४ च्या सुरुवातीला रशिया-जपान युद्ध पेटलं तेव्हा तो पळाला, पकडला गेला, मित्रांनी सोडवलं, आणि एप्रिल १९०४ मध्ये तो लंडनला पोचला.

हा पळून जाण्याचा मुद्दा पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. सैन्यातून फरार झालेला माणूस रशियात परत पाऊल ठेवू शकत नाही. म्हणजे १९०४ नंतर या दोघांची भेट व्हायची तर ग्नेसिनलाच उठून यावं लागणार होतं. तोपर्यंत फक्त पत्र.

कोणत्या भाषेत लिहायचे

हे जरा सावकाश सांगायला हवं कारण आपल्याला ते पटकन जाणवत नाही. दोघांची घरची भाषा यिद्दिश. रस्त्यावरची, सरकारची, आणि वाचनाचीसुद्धा बरीचशी रशियन. हिब्रू ही ग्रंथांची आणि प्रार्थनेची भाषा, त्या काळात ती घरात बोलणारी कुटुंबं जगात अगदी थोडी, आणि तीही दूर पॅलेस्टाइनमध्ये. तरी या मुलांनी ठरवलं होतं की लिहायचं ते हिब्रूतच. कथा हिब्रूत, लेख हिब्रूत, आणि मित्राला पत्रसुद्धा हिब्रूत.

आता विचार करा, ज्या भाषेत आईने कधी हाक मारली नाही, ज्या भाषेत कधी भाजी घेतली नाही की भांडण केलं नाही, त्या भाषेत तुम्ही जिवलग मित्राला 'मी कसा आहे' हे लिहिताय. प्रत्येक वाक्य घडवावं लागतं. धर्मग्रंथातले तुकडे आपोआप पेनातून उतरतात कारण तेच पाठ आहेत, मध्येच एखादा यिद्दिश किंवा रशियन शब्द येतो कारण त्या गोष्टीला हिब्रूत नावच नाहीये. यातून सुंदर पत्रं तयार होतात यात वादच नाही. पण त्यात माणूस आपोआप थोडा लेखक होऊन बसतो. छातीत दुखतंय, जिना चढताना धाप लागते, असल्या गोष्टी या भाषेत लिहायची सवय कोणालाच नव्हती. मनाचा एकटेपणा, कंटाळा, जगण्यातला रितेपणा, यासाठी मात्र शब्दांची नुसती रेलचेल, कारण दोघांचं साहित्य त्यावरच उभं होतं. मग कोणी 'बरं वाटत नाही' असं लिहिलंच तरी वाचणारा ते मनाच्या खात्यात टाकणार, शरीराच्या नाही.

आणि लंडनमध्ये समोरासमोर आल्यावर हे दोघं बोलले असणार ते यिद्दिशमध्येच. म्हणजे मैत्री वाढली एका भाषेत आणि बिनसलं दुसऱ्या भाषेत.

बोलावणं

आता मूळ प्रकरण. १९०५ च्या क्रांतीनंतर रशियात ज्यूंवर हल्ल्यांची भयंकर लाट आली, ऑक्टोबर १९०५ नंतर शेकडो ठिकाणी. लोक जीव मुठीत धरून अमेरिकेला, इंग्लंडला निघाले. ज्या तरुण वाचकांवर हिब्रू मासिकं चालायची ते एकतर क्रांतीत गेले, नाहीतर बोटीत बसले. ओडेसाचं 'हा-शिलोआह'सारखं मातब्बर मासिकसुद्धा त्या धामधुमीत काही काळ बंद पडलं. नेमक्या या वेळी, जानेवारी १९०६ मध्ये, ब्रेनरने लंडनमधून 'हा-मेओरेर' नावाचं मासिक काढलं. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये परदेशी लोकांना अडवणारा नवा कायदा लागू झाला होता, म्हणजे व्हाइटचॅपल या लंडनच्या ज्यू वस्तीतही काही आनंदीआनंद नव्हता.

मासिक म्हटलं की आपल्यासमोर ऑफिस, टेबलं, शिपाई असं काहीतरी येतं. इथे एकच माणूस. ब्रेनर माइल एंड रोडवरच्या नारोदिच्की यांच्या छापखान्यात कंपोझिटरचं काम करायचा, खिळे जुळवायचा, त्यावर पोट चालायचं, आणि तिथेच स्वतःचं मासिक जुळवायचा. मजकूर मागवणारा तो, निवडणारा तो, जुळवणारा तो, पाकिटांवर पत्ते लिहिणारा तो, गठ्ठे पोस्टात नेणारा तोच. लेखक सगळे रशियात, गॅलिशियात, जर्मनीत विखुरलेले, बर्डिचेव्स्की, शोफमन अशी माणसं. त्यामुळे प्रत्येक अंकामागे पत्रांचा ढीग. मजकूर पाठवा, वर्गणीदार मिळवा, पैसे कुठे अडकलेत, अंक पोचला का.

या काळातली ब्रेनरची पत्रं वाचताना जाणवतं की हा माणूस दमलाय पण थांबायला तयार नाही. छोटी, घाईत लिहिलेली, आर्जवाची आणि रागाचीही. हिब्रू साहित्याचा शेवटचा दिवा आपण धरून उभे आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं आणि परिस्थिती बघता ते काही फार खोटंही नव्हतं.

तिकडे ग्नेसिनचंही चाललेलं. १९०४ मध्ये त्याचं पहिलं छोटं पुस्तक आलेलं, १९०५ ची 'हात्सिदा' ही दीर्घकथा ज्यांनी वाचली त्यांना कळलं होतं की हा काहीतरी वेगळंच करतोय. माणसाच्या डोक्यात विचार जसे एकातून एक निघत जातात तसं लांबच लांब वाक्यांचं गद्य, तेही युरोपात त्या तऱ्हेच्या लिहिण्याला नाव मिळायच्या आधी. १९०६ मध्ये त्याने 'निस्योनोत' नावाचं स्वतःचं छोटं प्रकाशनही सुरू केलं आणि 'बेनतायिम' ही पुढची दीर्घकथा आली. म्हणजे दोघांच्याही हातात एकाच वेळी प्रकाशनाचं एकेक रोपटं, दोन्ही पैशावाचून वाळत चाललेली. अशा वेळी 'आपण एकत्र येऊ' हा विचार येणं अगदी साहजिक. ब्रेनरने बोलावलं आणि ग्नेसिन १९०७ च्या वसंतात लंडनला आला, हा-मेओरेर दोघांनी मिळून चालवायचं असं ठरवून.

मला वाटतं खरी गडबड या ठरवण्यातच झाली. दोघांनी हे पत्रातून ठरवलं. ब्रेनरच्या डोक्यात सोबती म्हणजे खिळे जुळवायला, गठ्ठे उचलायला, रात्र जागायला आलेला दुसरा हात. ग्नेसिनला मात्र हळू, तासून तासून लिहायची सवय, आणि त्याचं हृदय आधीच कमजोर. पत्रातला ग्नेसिन ब्रेनरला पोचेपचाच ग्नेसिन वाटत होता, कारण पत्रात माणसाचा रंग उडालेला दिसत नाही, श्वास ऐकू येत नाही.

लंडन

इथे आपल्याला थांबावं लागतं, कारण इथे या दोघांतली पत्रं थांबतात. साधी गोष्ट आहे, एकाच शहरात असलेली माणसं एकमेकांना कशाला पत्र लिहितील. पण अभ्यासकासाठी हीच सगळ्यात मोठी अडचण. ज्या महिन्यांत मैत्री तुटली त्या महिन्यांचा दोघांमधला कागदच नाही. आधीची पत्रं भरभरून, आणि ज्या ठिकाणी आपल्याला खरोखर बघायचंय तिथे मोकळं पान.

मग त्या काळाचं जे काही कळतं ते बाजूबाजूने कळतं. ब्रेनरने इतरांना लिहिलेली पत्रं, ग्नेसिनने घरी आणि दुसऱ्या मित्रांना लिहिलेली पत्रं, आणि आशेर बेइलिनसारख्या लंडनमधल्या स्नेह्यांच्या नंतरच्या आठवणी. त्यातून एवढं चित्र उभं राहतं: ग्नेसिन आला, जमलं नाही. ब्रेनरला वाटलं हा कामात अंग घालत नाही. ग्नेसिन गप्प राहत गेला. दोघांमध्ये अबोला वाढत गेला. पैसा नव्हताच. सप्टेंबर १९०७ मध्ये हा-मेओरेर बंद पडलं आणि शरदात ग्नेसिन पॅलेस्टाइनला निघून गेला, जिथे त्याचा भाऊ मेनाहेम होता, जो पुढे हिब्रू रंगभूमीच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक झाला. तिथेही ग्नेसिनचं मन लागलं नाही आणि १९०८ मध्ये तो रशियाला परतला. ब्रेनरनेही १९०८ च्या सुरुवातीला लंडन सोडलं, ल्वूवला गेला, आणि १९०९ मध्ये पॅलेस्टाइनला पोचला. म्हणजे एक जिथून निघाला तिथे दुसरा काही महिन्यांनी जाऊन राहिला, आणि दोघांच्या वाटा परत एकदाही एका गावात आल्या नाहीत.

आता बेइलिनसारख्यांच्या आठवणी कशा वाचायच्या यावर जरा बोलतो. त्या लिहिल्या गेल्या तेव्हा ब्रेनर हयात नव्हता आणि हिब्रू वाचकांसाठी तो जवळजवळ संतपदाला पोचला होता. ग्नेसिनही तरुणपणी गेलेला, त्यामुळे त्याच्याभोवतीही एक हळवं वलय. दोन मेलेल्या आणि पूज्य माणसांच्या भांडणाबद्दल लिहिताना कोणीही कोपरे गोल करणारच. म्हणून मला त्यांच्यापेक्षा त्याच काळात तिसऱ्याच माणसाला लिहिलेलं एखादं चिडकं पत्र जास्त भरवशाचं वाटतं. ते लिहिताना लेखकाला पुढचं काहीच माहीत नसतं, ना मासिक कधी बंद पडेल ते, ना मित्र कधी मरेल ते.

तारखांची कसरत

या भागाकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात पण सगळा अर्थ यावर फिरतो. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर, लंडनमध्ये ग्रेगोरियन, आणि विसाव्या शतकात दोघांत १३ दिवसांचा फरक. पोचेपमध्ये १ मार्चला लिहिलेलं पत्र म्हणजे लंडनचा १४ मार्च. त्याला ब्रेनरने १९ मार्चचं उत्तर लिहिलं असेल तर कागदावर वाटेल की महाशय अठरा दिवस गप्प बसले होते, आणि प्रत्यक्षात त्याच्या हातात पत्र पडल्या पडल्या तो लिहायला बसलेला असतो. उलट दिशेने गेलात तर उत्तर प्रश्नाच्या आधीच आलं असंही दिसू शकतं.

आणि हे झालं तारीख नीट घातली असेल तर. यशिव्यात वाढलेली मुलं कित्येकदा इंग्रजी की रशियन या भानगडीत न पडता हिब्रू तारीख घालायची, अक्षरांत लिहिलेली, किंवा त्या आठवड्यात देवळात तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मुख्य धर्मग्रंथाचा, जो भाग वाचला जातो त्याचं नाव घालून 'अमुक भागाचा मंगळवार' एवढंच. हिब्रू वर्ष शरदात बदलतं, त्यामुळे ५६६७ हे एक वर्ष १९०६ च्या शरदापासून १९०७ च्या शरदापर्यंत पसरतं, म्हणजे बोलावणं, येणं आणि तुटणं, आपलं जवळजवळ सगळं प्रकरण या एकाच वर्षात बसतं. नुसतं वर्ष घातलेलं पत्र हातात आलं तर ते आशेच्या काळातलं की भांडणाच्या, हे मजकुरावरूनच ठरवावं लागतं. आणि मजकूर आपण काय अपेक्षेने वाचतो त्यावर तो कसा दिसेल हे ठरतं. एखादं कोरडं वाक्य भांडणाच्या काळात ठेवलं तर ते टोचणारं वाटतं, सहा महिने आधी ठेवलं तर नुसतं दमलेलं.

अक्षराचंही तसंच. छापील हिब्रूची चौकोनी अक्षरं वाचता येणाऱ्याला हाताची धावती लिपी वाचता येईलच असं नाही, ती वेगळी शिकावी लागते. स्वरचिन्हं नसतात. संक्षेप भरपूर. एकमेकांच्या अक्षराची लहानपणापासून सवय असलेल्या दोन मित्रांनी एकमेकांसाठी लिहिलंय, परक्यासाठी नाही. छापील पत्रसंग्रहात हे सगळं स्वच्छ, एकसारखं होऊन येतं, त्यामुळे वाचायला सोपं जातं पण कुठे हात घाईत होता, कुठे कागद संपत आला म्हणून ओळी दाटल्या, कुठे खोडलं, हे निघून जातं. मूळ कागद बघायला मिळाला तर बघावाच असं माझं ठाम मत आहे, विशेषतः ब्रेनरसारख्या माणसाचा, जो दिवसभर दुसऱ्यांच्या हस्ताक्षरातून खिळे जुळवायचा आणि रात्री स्वतः लिहायला बसायचा.

दोष कोणाचा

या प्रकरणाबद्दल लिहिणारे साधारण दोन बाजूंना जातात. एक म्हणतात ब्रेनर कठोर होता, स्वतःला झिजवायचा आणि दुसऱ्यानेही तसंच झिजावं असं त्याला वाटायचं. दुसरे म्हणतात ग्नेसिन बेभरवशाचा, कुठेच टिकला नाही तसा इथेही टिकला नाही. दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे आणि तरी दोन्ही मला अपुरे वाटतात.

ग्नेसिनने आजार लपवला ही वस्तुस्थिती आहे. पण का लपवला? मला वाटतं सांगायची जागाच त्याच्याकडे नव्हती. ज्या मित्राने सैन्य, तुरुंग, पळापळ, उपासमार सगळं सोसून लंडनच्या एका खोलीत अख्खं मासिक एकट्याने उभं केलंय, त्याला 'माझ्याच्याने गठ्ठे उचलवत नाहीत' हे कसं सांगणार? आणि आयुष्यभर ज्याच्याशी फक्त साहित्याच्या पातळीवर बोललो त्याच्याशी अचानक शरीराबद्दल कसं बोलणार? त्यात न सांगण्याची सवय आधीच्या पत्रांनीच लावलेली. पत्रात काय लिहायचं हे आपण निवडतो, आणि तेच निवडत राहिलो की समोरच्याला त्याचीच सवय होते. ब्रेनरनेही स्वतःचं सगळं कुठे सांगितलं होतं? लंडनमधलं रोजचं आयुष्य कसं असेल याची ग्नेसिनला कितपत कल्पना होती, मासिक किती बिकट अवस्थेत आहे हे बोलावताना किती मोकळेपणाने सांगितलं गेलं, हे प्रश्न ब्रेनरच्या बाजूनेही विचारायला हवेत. मदतीची गरज असलेला माणूस बोलावताना थोडी आशा वाढवूनच लिहितो.

म्हणून माझ्या मते लंडनला भेटली ती दोन वेगळीच माणसं. दहा वर्षं पत्रांतून एकमेकांबद्दल जी ओळख तयार झाली होती ती खोटी नव्हती, पण तिला हातपाय नव्हते, आणि काम तर हातापायांचंच होतं. हे लक्षात घेतलं की कठोर कोण आणि आळशी कोण हा वाद बराचसा गळून पडतो. जे उरतं ते फार वाईट वाटायला लावणारं आहे, कारण एखादं साधं, अलंकार नसलेलं पत्र, 'डॉक्टर म्हणतात हृदय कमजोर आहे, मला हलकं काम दे', एवढं जरी वेळेवर गेलं असतं तर निदान मैत्री वाचली असती. मासिक तरीही बुडालंच असतं, त्याला वाचकच उरले नव्हते.

नंतर

६ मार्च १९१३ ला ग्नेसिन वॉर्सात वारला. वय ३३. ब्रेनर तेव्हा पॅलेस्टाइनमध्ये. त्याने मित्राच्या स्मरणार्थ एक संग्रह जेरुसलेममध्ये काढला, त्याला ग्नेसिनच्या कथेचंच 'हात्सिदा' हे नाव दिलं, आणि त्यात स्वतः लंडनच्या दिवसांबद्दल लिहिलं. आपल्याला तेव्हा त्याचा आजार माहीत नव्हता, दोघांनीही त्या दिवसांत खूप सोसलं, असा त्याचा सूर आहे. ब्रेनर स्वतःला सहज माफ करणारा माणूस नव्हता आणि इथेही केलेलं नाहीये. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं, १९१४ मध्ये मुलगा झाला, आणि त्याचं नाव त्याने उरी निसान ठेवलं. २ मे १९२१ ला जाफाच्या दंगलीत ब्रेनर मारला गेला, चाळिशीही गाठली नव्हती.

यानंतरचं काम मेनाहेम पोझनान्स्की या त्याच्या स्नेह्याने केलं, आणि त्याबद्दल मला अपार आदर आहे. ब्रेनरची पत्रं एका जागी नव्हतीच, पत्र ज्याला लिहिलं त्याच्याकडे असतं ना, आणि ते 'ज्याला लिहिलं' लोक जगभर पांगलेले. सोव्हिएत राजवटीत हिब्रूच दडपली गेली होती, तिथे कोणी काय जपलं असेल कोण जाणे. पुढे पोलंडचं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. होमेलच्या दिवसांपासून दोघांचा मित्र असलेला हिलेल झायटलिन १९४२ मध्ये वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेताना मारला गेला. अशा घरांतले कागद कुठून वाचणार. पोझनान्स्कीने ब्रेनरची पत्रं दोन खंडांत १९४१ मध्ये छापली, म्हणजे अगदी वेळेत, कारण त्यानंतर गोळा करायला युरोपात फारसं काही राहिलंच नाही. ग्नेसिनची पत्रं १९४६ च्या त्याच्या समग्र साहित्यात आली. मूळ कागदांचं म्हणाल तर हिब्रू लेखकांची हस्तलिखितं जपायला लेखक आशेर बाराशने १९५१ मध्ये 'गनाझिम' नावाचं संग्रहालय सुरू केलं, जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही अशा पत्रांचा मोठा साठा आहे, आणि काही पत्रं अजूनही खाजगी हातांतून लिलावात येतात. लिलावात गेलेलं पत्र पुन्हा कुणाच्या कपाटात बंद होतं याचा मला खूप त्रास होतो, निदान स्कॅन तरी सार्वजनिक ठेवावा अशी अट असायला हवी.

यातली एक गोष्ट मात्र अजूनही खटकते. ब्रेनरची पत्रं ब्रेनरच्या पुस्तकात आणि ग्नेसिनची ग्नेसिनच्या पुस्तकात, त्यामुळे वाचणारा एका वेळी एकाच बाजूचा आवाज ऐकतो. ब्रेनरचे खंड वाचले की ग्नेसिन उत्तर न देणारा वाटतो, ग्नेसिनचा वाचला की ब्रेनर सारखा काहीतरी मागणारा. या प्रकरणात हात घालायचा असेल त्याने आधी दोन्हींमधली १९०६ आणि १९०७ ची पत्रं काढावीत, रशियातल्या तारखांत १३ दिवस मिळवावेत, हिब्रू तारखा बदलून घ्याव्यात, आणि सगळं एकाखाली एक लावावं. त्यात जिथे दोघांमधलं पत्र नाही तिथे त्याच आठवड्यात तिसऱ्या कोणाला काय लिहिलंय ते ठेवावं, आणि बेइलिनच्या आठवणी सगळ्यात शेवटी उघडाव्यात, आधी नाही.